बाणाऐवजी हात : मैत्रिणीच्या लग्नाच्या पाट्या

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला. "कार्यालय मिळालं, फेब्रुवारीतली तारीख धरली, आणि पाट्या तू करायच्यास." मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. पाट्या कधी केल्या नव्हत्या, तरी लगेच हो म्हटलं. पंधरा वर्षांची मैत्री आहे आणि तिच्या लग्नात नुसतं अक्षता टाकून यायचं माझ्या मनात नव्हतंच.

तिच्या दोन अटी होत्या. पहिली म्हणजे पाटीत टोमणा नको. पुण्यात पाटी म्हटली की लोकांच्या कानात एक ठरावीक सूर घुमतो. बाहेरगावाहून लग्नाला आलेल्या माणसाला दारातच तो सूर ऐकवायचा नाही, हे तिनं बजावलं. दुसरी अट नवऱ्यामुलाच्या आजीची. आजी मंगळवेढ्याजवळच्या गावातल्या, वय ऐंशीच्या पुढे, अक्षरओळख नाही. "त्यांना दर वेळी कुणाचा तरी हात धरून विचारत फिरावं लागू नये," मैत्रीण म्हणाली. पुढचे अडीच महिने मी जे काही केलं, ते या दुसऱ्या अटीभोवतीच फिरत राहिलं.

आधी चित्र नाही काढलं, कार्यालय पाहिलं. कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूचं, दोन मजली. आम्ही दोघी फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिलो आणि आत्ताच रिक्षातून उतरलो असं समजून चालायला लागलो. जिथे पाय अडखळला तिथे वहीत खूण केली. लग्नाचा हॉल वर, पंगत खाली, वरपक्षाची खोली जिन्याच्या मागे, हात धुवायची जागा तर कोपऱ्यात लपलेली. तिनं आधी बावीस पाट्यांची यादी केली होती. चालून झाल्यावर तेरा उरल्या. जिथे माणूस आपोआप बरोबर वळतो तिथे पाटी लावली की पुढची, खरी गरजेची पाटीही कुणी बघत नाही.

त्याच दिवशी टेपनं अंतरं मोजली. पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे, दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर. फाटकापासून स्वागताची पाटी साधारण तीस फुटांवर, म्हणजे तीन इंचांचं अक्षर हवं. ही उंची शिरोरेषेपासून खाली, नुसत्या अक्षराची धरायची. वेलांट्या, मात्रा, उकार यांना वर-खाली वेगळी जागा सोडावी लागते. ती न सोडल्यामुळे माझ्या पहिल्या कच्च्या आराखड्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत जाऊन अडकला होता.

आता चित्रं. हे दोघं भेटले वेताळ टेकडीवर, सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या घोळक्यात, तेही फेब्रुवारीत. मला पळस काढायचा होता, आपल्या मातीतला, भगवा, कागदावर उठून दिसणारा. मैत्रीण म्हणाली, "गिरिपुष्प काढ." मी हरकत घेतली. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतून आलेलं झाड, टेकड्यांवर लावलं गेलं आणि देशी झाडांची जागा अडवून बसलं, अशी टेकडीवर प्रेम करणाऱ्या कितीतरी जणांची तक्रार आहे आणि मला ती पटते. पण ती म्हणाली, "आम्ही भेटलो तेव्हा तेच फुललं होतं गं. एक पान नाही, नुसती गुलाबी फांदी." यावर काय बोलणार? चित्र त्यांच्या आठवणीचं होतं. सगळ्या पाट्यांच्या डाव्या कडेनं गिरिपुष्पाची फांदी चढली आणि उजव्या कडेनं मंगळवेढ्याच्या ज्वारीची कणसं.

दिशा दाखवायला मी बाण काढले होते. कच्ची चित्रं नवऱ्यामुलानं गावी गेल्यावर आजींना दाखवली आणि मला फोन लावून दिला. चपलांचं चित्र ओळखलं, पाण्याचा तांब्या ओळखला, फेटा बघून "ही आमच्या पोराची खोली" असंही म्हणाल्या. बाणापाशी मात्र थांबल्या. "ह्ये काय टोकदार हाय, कळंना बाई मला."

त्या रात्री मी सगळे बाण पुसले. त्याजागी हात काढला, हिरव्या बांगड्या भरलेला, एक बोट पुढे केलेला. लग्नघरातली एखादी मावशी "अहो, इकडून या" म्हणत दाखवते तसा. पुढच्या खेपेला आजी लगेच म्हणाल्या, "आता कसं! हात दावतोय की, हितनं जावा म्हणून." तेराही पाट्यांना एकत्र बांधणारी गोष्ट मला तिथे मिळाली.

शब्दही तसेच बेतले. 'चपला येथे काढाव्यात' असं न लिहिता 'चपला इथे ठेवा, आम्ही लक्ष ठेवतो' असं लिहिलं, आणि खरंच तिच्या दोन चुलतभावांना तिथे बसवलं. स्वागताच्या पाटीवर गणपती हवा असं दोन्ही घरांचं म्हणणं पडलं. पहिली पत्रिका कसब्याच्या गणपतीपुढे ठेवून आलो होतो, ग्रामदैवताचा मान म्हणून, तेव्हा गणपती तर हवाच. पण तो फक्त त्या एकाच पाटीवर, डोळ्यांच्या उंचीला. चपलांच्या नाहीतर हात धुण्याच्या पाटीवर देवाचं चित्र येऊ द्यायचं नाही, हे मी ठामपणे सांगितलं.

पंगतीच्या पाटीत माझी चूक झाली. केळीचं पान काढलं होतं, वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. पाटी जिन्याच्या दुसऱ्या बाजूला लावायची ठरली, म्हणून हात उलट दिशेला वळवायला मी कॉम्प्युटरवर अख्खं चित्रच फिरवलं. मैत्रिणीच्या आईनं प्रिंट हातात घेतली आणि क्षणभर बघून म्हणाल्या, "अगं, कोशिंबीर उजवीकडे कशी वाढलीस?" हाताबरोबर पानही उलटं झालं होतं. मी तीनदा तपासूनही मला ते दिसलं नव्हतं. काकूंनी चाळीस वर्षं पानं वाढली आहेत, त्यांच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. पान पुन्हा सरळ केलं, हात तेवढा फिरवलेला ठेवला.

सप्तपदीसाठी मैत्रिणीला काही वेगळं हवं होतं. प्रत्येक पाऊल कशासाठी ते मागच्या रांगेतल्या माणसालाही कळावं, असं तिचं म्हणणं. बुरुड आळीतून बांबूची सात सुपं आणली. आधी गेरूत फेव्हिकॉल मिसळून पातळ हात दिला, वाळल्यावर वर ॲक्रिलिक रंग. सुपाची वीण बारीक रेषा घेत नाही. ब्रश प्रत्येक पट्टीच्या कडेवर उडी मारतो आणि रेषा तुटक होते. पहिलं सूप मी वाया घालवलं. मग रेषा सोडून दिल्या आणि भरीव, सपाट आकार काढले, तेव्हा विणीचा पोतच चित्राचा भाग झाला.

पाचव्या पावलाशी अडले. एके ठिकाणी पाचवं पाऊल पशूंसाठी असं वाचलं होतं, म्हणून गाय-वासरू काढायला घेतलं. गुरुजींना फोन केला तर ते म्हणाले, "पारस्कर गृह्यसूत्रात पशू. आपल्याकडे आश्वलायन. पाचवं पाऊल प्रजेसाठी." गृह्यसूत्रं म्हणजे घरातले विधी सांगणारे जुने ग्रंथ, आणि हे त्यातले दोन. बाकीची सहा दोन्हीकडे एकच: अन्न, बळ, धन, सुख, मग सहावं ऋतू आणि सातवं सख्य. कुणी सप्तपदीची चित्रं करणार असाल तर गुरुजींना आधी विचारा. पाचव्या सुपावर सुगरणीचा खोपा आला, पहिल्यावर ज्वारीचं कणीस, सहाव्यावर गिरिपुष्प. सातव्यावर टेकडीच्या कड्यावर पाठमोरी बसलेली दोन माणसं.

छपाईचं थोडक्यात सांगते. मूळ चित्रं ए३ कागदावर काढली आणि ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या हिशेबानं, स्कॅन केली. ए१ ला लांबी-रुंदी बरोबर दुप्पट होते, त्यामुळे मोठं केल्यावरही ३०० डीपीआय उरतात, चित्र फाटत नाही. फ्लेक्स नको म्हणून प्रिंट सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या फळीवर, चिकटवून घेतल्या, वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर हॉलचे फोकस पडले की अक्षरं दिसेनाशी होतात. स्क्रीनवरचा कुंकवाचा लाल कागदावर विटकरी उतरला. एक हातभर नमुना आधी छापून घेतला होता म्हणून ते वेळेत कळलं.

तरी दोन दिवस आधी धक्का बसायचा तो बसलाच. पाट्या आणायला गेले, तर 'वऱ्हाडी मंडळी, इकडून या' या पाटीवर 'वर्हाडी' छापलेलं. ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या पुढे सरकलेल्या. पाकळीचा ल जाऊन त्याजागी हिंदी वळणाचा ल. मी 'मुक्त' फाँट वापरला होता, तो प्रेसच्या मशीनवर नव्हता आणि मी फाइल उघडीच दिली होती. अक्षरांचं आउटलाइन करून दिलं असतं तर ती चित्रासारखी गोठली असती, जागची हलली नसती. चूक माझी होती. तिथेच खुर्चीवर बसले आणि लॅपटॉपवर सगळ्या फाइल आउटलाइन करून पुन्हा दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी अकरा पाट्या नव्यानं छापून मिळाल्या. दोन बोर्डांना कागद पुरला नाही. त्यांच्यावर कागदी पट्टी चिकटवून मी हातानं अक्षरं काढली. 'वऱ्हाडी' मधला तो कोयत्यासारखा अर्धा र काढताना हात कापत होता. घरी येऊन तीच पाटी भिंतीला टेकवली आणि दहा पावलं मागे जाऊन कितीतरी वेळ बघत बसले.

लग्नाच्या दिवशी मी जिन्याजवळ उभी होते. आजी नऊवारीचा पदर खोचून एकट्याच खाली उतरल्या. पाटीसमोर थांबल्या, काढलेल्या हाताकडे पाहिलं, स्वतःच्या हातातल्या बांगड्या मागे सारल्या आणि पंगतीकडे वळल्या. कुणाला काही विचारलं नाही.

सप्तपदी झाल्यावर सुपं कुणी न्यायची यावर पोरांची झोंबाझोंबी झाली. पहिलं, कणसाचं सूप आजींनी मागून घेतलं. मी द्यायला गेले तर म्हणाल्या, "रिकामं न्हाई न्यायचं पोरी, मूठभर काय तरी घाल." स्वयंपाकघरातून तांदूळ आणून त्यात घातले. चपलांची पाटी कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी ठेवून घेतली, ती अजून तिथेच लावलेली आहे.