आमची वाटचाल: दोन टाक्या आणि एक ओव्हन

आम्ही सुरुवात केली ती साध्या झिंक प्लेटिंगने, म्हणजे टाकीत विजेने स्टीलवर जस्ताचा थर चढवण्याने. दोन टाक्या, टाकीला डीसी वीज देणारा एक रेक्टिफायर आणि ८.८ या मध्यम ताकदीच्या ग्रेडच्या बोल्टांची कामं. माल चकचकीत गेला की झालं, असंच वाटायचं.

मग १२.९ ग्रेडची, म्हणजे खूप कडक स्टीलच्या बोल्टांची, पहिली ऑर्डर आली. गंज काढायचं तेच ॲसिड, तीच टाकी. माल तपासून गेला, जोडणीही नीट झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ग्राहकाचा फोन आला. रात्री कुणी हातही लावला नव्हता, तरी काही बोल्टांची डोकी तुटून खाली पडली होती. परत आलेला एक तुकडा मी भिंगाखाली धरला. बोल्ट जरासुद्धा ताणला गेलेला नव्हता. तुटलेल्या जागी साखरेसारखे बारीक दाणे चमकत होते. आधी आम्हाला स्टीलचाच संशय आला. स्टील चांगलं होतं. चूक आमच्या टाकीतली होती.

ॲसिडमध्ये गंज काढताना आणि झिंक चढताना हायड्रोजन सुटतो. बराचसा बुडबुड्यांतून जातो, पण थोडे अणू स्टीलमध्ये शिरतात. हा अणू फारच लहान. तो आतल्या आत सरकत जास्त ताणाच्या जागी जमतो, म्हणजे डोक्याखालच्या कोपऱ्यात नाहीतर आट्यांच्या तळाशी. मऊ स्टील ते सोसतं, कडक स्टील तडकतं. तेही आवळल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी. म्हणूनच टेन्साइल टेस्टमध्ये, म्हणजे बोल्ट ओढून लगेच तोडून बघण्याच्या चाचणीत, आमचे बोल्ट पास झाले होते. विल्यम जॉन्सन यांनी ॲसिडमुळे लोखंडाला येणारा हा ठिसूळपणा १८७५ मध्येच मांडला होता. रोज ॲसिडात काम करून आम्हाला त्याचा पत्ता नव्हता, याचं अजून वाईट वाटतं.

त्यानंतर हातात आलेला पैसा ओव्हनमध्ये घातला. कडक माल आता प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत, पॅसिव्हेशनच्या (झिंकवरच्या संरक्षक रासायनिक थराच्या) आधी, हायड्रोजन बाहेर काढायला १९० ते २२० अंश सेल्सिअसला बेक होतो. झिंकचा थर हायड्रोजनला सहजी बाहेर पडू देत नाही, म्हणून यात कित्येक तास जातात. गंज शक्यतो ॲसिडऐवजी ब्लास्टिंगने, म्हणजे जोराने कण मारून काढतो. १२.९ ला तर विजेचं प्लेटिंग बंदच केलं. त्याला झिंक फ्लेक, म्हणजे झिंकच्या बारीक पापुद्र्यांचा विजेशिवाय चढवलेला लेप.

बेक केलेल्या प्रत्येक बॅचमधले काही बोल्ट तिरक्या वॉशरवर आवळून दोन दिवस ठेवतो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची डोकी मी स्वतः मोजतो, मगच माल गाडीत चढतो.