उत्तरतालिकेवर हरकत घेताना: माझा अनुभव

भरती परीक्षेची प्राथमिक उत्तरतालिका आली आणि सांगलीत विश्रामबागच्या आमच्या अभ्यासिकेत ताळा करायची एकच घाई उडाली. विज्ञानाच्या एका प्रश्नावर माझं बोट थांबलं. टेबलावर पुस्तक स्थिर आहे, तर पुस्तकाच्या वजनाची प्रतिक्रिया कोणती? तालिकेतलं उत्तर: टेबल पुस्तकाला वर ढकलतं ते बल. माझं उत्तर: पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ते बल. माझं बरोबर होतं आणि ते सोडायची माझी तयारी नव्हती. कटऑफवर एका मार्कानं निवड जाते.

लॉगिन, प्रश्न निवडणं, शुल्क भरणं हे चटकन झालं. घोडं अडलं ते 'कारण' या रकान्यात. तिथं जेमतेम चार-पाच वाक्यं बसतात आणि खाली 'प्रमाणित पुस्तकाचं पान जोडा' ही सक्ती. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे, न्यूटनचा तिसरा नियमही तिथं आहे: प्रत्येक क्रिया बलाला समान आणि विरुद्ध दिशेचं प्रतिक्रिया बल असतं. पण नेमका हाच प्रश्न सोडवून दाखवलेलं पान मला काही मिळेना. मदत क्रमांकावर दर वेळी एकच उत्तर, "मॅडम, पान जोडा." अहो, नियम पानावर आहे, तो या प्रश्नाला कसा लागतो ते मी लिहून देतेय, ते वाचणार कोण? याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. विज्ञानाच्या प्रश्नाचा निकाल तर्कावर लागायला हवा.

शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "अगं, बलं समान आणि विरुद्ध आहेत ना, मग टेबलाचंच बरोबर की!" तिला मी कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती आठवायला सांगितल्या. वल्हं पाण्याला मागे लोटतं, पाणी वल्ह्याला पुढे. एक बल पाण्यावर, दुसरं वल्ह्यावर. क्रिया-प्रतिक्रियेच्या जोडीतली दोन बलं कधीच एका वस्तूवर नसतात, म्हणून ती एकमेकांना रद्दही करत नाहीत. पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा रेटा मात्र दोन्ही पुस्तकावरच आहेत. ते समतोल राखतात, एवढंच.

जोडी ओळखायची असेल तर 'कोण कोणाला' हे उलटं करून बघा. पृथ्वी पुस्तकाला ओढते, पुस्तक पृथ्वीला ओढतं. टेबल पुस्तकाला ढकलतं, पुस्तक टेबलाला दाबतं. या दोन वेगळ्या जोड्या झाल्या.

रकान्यात शेवटी मी आकडे टाकले. १ किलोच्या पुस्तकाचं वजन ९.८ न्यूटन. तेच टेबल लिफ्टमध्ये ठेवा, लिफ्ट २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणानं वर जाऊ द्या. टेबलाचा रेटा ११.८ न्यूटन होतो, वजन ९.८ च राहतं. तिसऱ्या नियमातली बलं तर सदैव समान असतात, मग ही जोडी कशी? पृथ्वीलाही ९.८ न्यूटनचीच ओढ बसते, पण तिचं वस्तुमान सुमारे ६×१०^२४ किलो, म्हणून ती हललेली दिसत नाही. न्यूटननं १६८७ साली हा नियम मांडताना दोरीनं दगड ओढणाऱ्या घोड्याचं उदाहरण दिलं, तेही दोन वस्तूंचंच आहे.

सोबत नववीचं तिसऱ्या नियमाचं पान आणि हातानं काढलेली दोन आकृत्यांची पीडीएफ जोडली. सायबर कॅफेवाल्या दादांनी फाईल लहान करून दिली. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फॉन्टचे नुसते चौकोन उमटतात. शुल्काची पावती तिथल्या तिथं सेव्ह करून ठेवा.

अंतिम तालिकेत उत्तर बदललं. बघताच मी जागेवरून ओरडले, अख्खी अभ्यासिका वळली.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: हरकतीत प्रश्नाचा क्रमांक तुमच्या संचातला टाकायचा की मूळ संचातला, हे सूचनेत नीट वाचा. चुकीच्या क्रमांकाची हरकत भलत्याच प्रश्नावर जाते.