रुंद भिंग, पण छत पुरेना

फोटोसाठी आर्किटेक्टची मागणी एका ओळीची होती. तीन मजली दालन, छतात गोल स्कायलाइट, ते आख्खं दिसलं पाहिजे आणि खांब सरळसोट उभे राहिले पाहिजेत. फिल्म ४×५ इंची. कॅमेरा वर रोखला की खांब आत झुकतात, म्हणजे कॅमेरा समतल ठेवून राइजच द्यायचा, भिंग फिल्मच्या तुलनेत वर सरकवायचं. पाठीमागे भिंत, त्यामुळे पाऊलभरही मागे सरकायला जागा नाही.

"मग तुमचं सगळ्यात रुंद भिंग लावा ना," ते म्हणाले. बॅगेत ६५, ७५ आणि ९० मिमी फोकल लांबीची भिंगं होती; आकडा लहान तितकं भिंग रुंद. कोणीही हेच म्हणेल. मी वही काढली.

स्कायलाइटची वरची कड कॅमेऱ्याच्या उंचीवरून मोजली, तर क्षितिजापासून ४९ अंश वर. उभ्या ४×५ फ्रेममध्ये प्रत्यक्ष चित्र साधारण ९५×१२० मिमीचं उमटतं. ग्रँडागॉन-एन ७५ एफ ६.८ ने ती कड पकडायची तर २६ मिमी राइज लागतो, आणि मग कोपऱ्यापर्यंत पोचायला इमेज सर्कल, म्हणजे भिंग फिल्मवर टाकतं ते उजळ वर्तुळ, १९७ मिमी व्यासाचं हवं. या भिंगाचं एफ २२ला, म्हणजे छिद्र बरंच लहान केल्यावर, १८७. सुपर अँग्युलॉन ६५ एफ ५.६ला राइज जेमतेम १५ मिमी पुरतो, पण सर्कल लागतं १७७चं आणि असतं १७०चं. दोन्ही काठावर येऊन हुकतात, कोपरे काळे. निक्कॉर एसडब्ल्यू ९० एफ ८ला मात्र राइज ४४ मिमी द्यावा लागतो, सर्कल हवं २२९चं आणि भिंग देतं २३५. तिघांत सगळ्यात अरुंद असलेलं हेच भिंग सगळ्यात उंच बघत होतं. रुंदी विकत घेताना लोक फोकल लांबी वाचतात. इमारतीसाठी मी आधी सर्कलचा आकडा वाचतो.

फुकट काहीच नाही. ४४ मिमी राइज दिला की फ्रेमचा तळ क्षितिजाच्या खाली जेमतेम दहा अंश उरतो, जमीन गायब. म्हणून मोजमापाआधीच तिपाई गुडघ्याइतकी, ४५ सेंटिमीटरवर आणून ठेवली होती. फरशी अडीच मीटरपासून दिसू लागली. बाजूचे दोन खांब गेले. आर्किटेक्टना ते खटकलं, पण स्कायलाइट की खांब असं विचारल्यावर त्यांनी स्कायलाइटच निवडलं.

पुढचा स्टँडर्ड, म्हणजे भिंगाची चौकट, वर, मागचा, म्हणजे फिल्मची, खाली, अशी राइजची वाटणी केली. दोन्हींमधला नेहमीचा बेलोज, म्हणजे घड्यांचा भाता, इतक्या जवळ दबून आखडतो, तेव्हा सैल पिशवीसारखा बॅग बेलोज लावला. फिल्मच्या जागी चित्र बघायची धुरकट काच, म्हणजे ग्राउंड ग्लास, तिच्यावर चित्र उलटं, म्हणजे स्कायलाइट तळाशी, आणि एफ ८ला तो भाग इतका अंधारा की डोक्यावर कापड घेऊनही अंदाजच. खात्रीचा उपाय ग्राउंड ग्लासच्या कापलेल्या कोपऱ्यांत आहे: भिंग एफ २२ला बंद करून तिथून आत डोकवायचं. छिद्र पूर्ण गोल दिसलं तर कोपरा उजळणार, मांजराच्या डोळ्यातल्या बाहुलीसारखं चिंबलं तर नाही. गोल दिसलं.

इतका राइज दिल्यावर प्रकाशाची घट फ्रेमच्या वरच्या टोकाला एकवटते, म्हणून ६७ मिमी आट्यांचा, मध्यभागी गडद असा सेंटर फिल्टर लावला. तो भिंगाच्या अक्षावर बसतो, त्यामुळे फ्रेम सरकली तरी त्याचं काम बिघडत नाही. किंमत दीड स्टॉप, म्हणजे उजेड जवळपास एक तृतीयांश. मीटर ८ सेकंद म्हणत होता. फिल्टर धरून साधारण २३, आणि एफपी४ प्लस फिल्मच्या रेसिप्रॉसिटीचा (लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते, त्याची भरपाई) १.२६ घातांक लावल्यावर सुमारे ५१ सेकंद. तोवर दालनातून कोणी गेलं तरी फिल्मवर उमटणार नव्हतं, थांबलं तर मात्र धुरकट सावली राहणार होती. त्यामुळे कोणी थांबू नये म्हणून जिन्यावर एका माणसाला उभं केलं.

गेलेले खांब आर्किटेक्टच्या मनातून जात नव्हते. मग कॅमेरा पहिल्या मजल्याच्या सज्जात नेला. तिथून छत नि जमीन जवळपास सारख्याच अंतरावर, राइज शून्य, आणि ७५ला लागणारं सर्कल १५३ मिमीचं. खांबांसहित सगळं मावलं.