१२४ नंबरचा अंक

रविवार

सकाळी साडेसातला जुन्या बाजारात. रात्रभर पाऊस झालेला, त्यामुळे निम्मे लोक आलेच नव्हते आणि आले होते त्यांचा माल निळ्या ताडपत्रीखाली. नळाच्या तोट्या, कुलपं, बंद पडलेली घड्याळं, एक पायपेटी. पुस्तकांच्या ढिगात हात घातला तर तीन इंद्रजाल कॉमिक्स निघाली. तिन्ही ऐंशीच्या दशकातली, हिंदी, खालच्या कडेने पाणी पिऊन फुगलेली.

"साहेब, अँटिक आहे. आठशेला एक."

वीस वर्षांपूर्वी याच माणसाच्या वडिलांनी मला असा माल किलोवर दिला आहे. आता याच्याकडे मोबाईल आहे, आणि त्यावर कुणी तरी कुठे तरी पाच हजार मागितलेले याने पाहिले आहेत. मागितलेली किंमत वेगळी आणि हातात पडलेली वेगळी, हे त्याला सांगत बसलो नाही. अजून त्याची भवानी व्हायची होती. चहा पिऊन रिकाम्या हाताने घरी आलो. "आज काहीच नाही?" असं हिने जरा काळजीनेच विचारलं.

संध्याकाळी कोथरूडच्या मित्राचा फोन आला. दोन्ही मुलं परदेशात स्थायिक झालीत, तो आता लहान फ्लॅट बघतोय. "कॉमिक्सचा सगळा संग्रह काढायचाय. तू ये आणि भाव सांग. आणि खरं सांग, आत्ता विकू की थांबू?"

चाळीस वर्षं आम्ही दोघं हेच करत आलो, कशाचा भाव चढेल याच्या पैजा लावत. पण आजवर कुणी खरे पैसे समोर ठेवून विचारलं नव्हतं.

सोमवार

त्याची यादी बघून आलो. फुलस्केपवर हाताने आखलेले रकाने, प्रत्येक नंबरपुढे टिक, नसलेल्यापुढे गोल. १२३ आणि १२४ पुढे मात्र लाल शाईत एकच शब्द: संप.

बघून हसू आलं. माझ्या सुरुवातीच्या काळात मी हा १२४ नंबर तीन वर्षं शोधत होतो. नारायण पेठेतला एक रद्दीवाला दर वेळी सांगायचा, "पुढच्या आठवड्यात आणतो, एकाकडे बघितलाय." शेवटी या मित्रानेच सांगितलं की इंद्रजाल काढणाऱ्या टाइम्समधल्या संपामुळे हे दोन अंक छापलेच गेले नव्हते. इंद्रजालचे एकूण ८०३ अंक निघाले, त्यात हे दोन नाहीत. जे जगात नाही ते बघितल्याचं सांगणारा विक्रेता आणि त्यावर विश्वास ठेवून दर शनिवारी सायकल हाणणारा मी. संग्रहाच्या धंद्यातला माझा पहिला धडा हा.

मी आणि इंद्रजाल एका वर्षाचे. मार्च १९६४ मध्ये पहिला अंक आला, वेताळाचा, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचा, किंमत ६० पैसे. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात ६० पैसे कॉमिकवर घालवणं म्हणजे उधळपट्टी, म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या वाचनालयातून दिवसाच्या भाड्याने आणायचो. एका अंकावर वाड्यातली सहा पोरं. वेताळाच्या कवटीच्या अंगठीचा ठसा उमटवायचा म्हणून मी बटाट्याचा शिक्का कोरला होता आणि तो शेजारच्यांच्या पांढऱ्या भिंतीवर मारला होता. पुढचं लिहीत नाही.

थोडे अंक मात्र वडिलांनी विकत घेऊन दिले होते. ते मी इतके चुरगाळले की एका मे महिन्यात त्यांनी बारा-बाराचे गठ्ठे करून अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकडे दिले. त्याने पिना उपटल्या, कडा यंत्राखाली सरळ कापल्या, जाड पुठ्ठा आणि निळं कापड चढवलं. वर मुखपृष्ठं "कशाला हवीत, जाडी वाढते" म्हणून काढून टाकली. आजच्या बाजारात मुखपृष्ठ नसलेल्या, कडा कापलेल्या अंकाला कोण विचारतो? म्हणजे वडिलांनी हौसेने पैसे देऊन त्यांची किंमत शून्यावर आणली. पण गंमत अशी की १९८९ मध्ये वाडा पाडायला काढला तेव्हा सुटे अंक आईने रद्दीत घातले आणि बाइंड केलेले "पुस्तकं आहेत" म्हणून ठेवले. माझ्याकडे लहानपणचे उरलेत ते तेवढेच.

मंगळवार

कशाचा भाव चढेल ते लिहून ठेवायची अंदाजाची वही काढली. २०१३ सालची, लांबट, दुधाच्या हिशेबाची असते तशी. मित्राला भाव सांगण्याआधी आपण किती वेळा बरोबर आलो ते एकदा बघून घ्यावं म्हटलं.

चांदोबाचे बांधीव खंड: "दहा वर्षांत चौपट." साफ चुकलो. मराठी चांदोबा १९५२ पासून निघाला आणि घरोघरी जपला गेला. आता जुने अंक स्कॅन होऊन मोबाईलवर फिरतात. बालभारतीच्या 'किशोर'चंही तेच. वाचण्यापुरता हवा असणारा माणूस बाजारातून गेला, उरला तो फक्त कागदाचा वास हवा असणारा, आणि तसे कितीसे असतात?

अमर चित्रकथा: "जुनं ते सोनं." हेही अर्धवटच. ती पुनःपुन्हा छापली जाते, त्यामुळे जुना दिसणारा अंक खरोखर पहिल्या छपाईचा आहे का, हे किंमत आणि प्रकाशकाचा पत्ता बघितल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे 'कृष्ण' आहे, अकरावा क्रमांक. बरेच जण त्यालाच पहिला समजतात, कारण पहिले दहा क्रमांक परीकथांचे होते, सिंड्रेला वगैरे. ते दहा मी तेव्हा "परदेशी गोष्टी, कोण घेणार" म्हणून एका पेटीत तसेच सोडून आलो. ती पेटी मला आजही दिसते.

बहादूर: "देशी नायक, भाव चढणारच." केशरी कुडता, जीन्स, आबिद सुरतींनी १९७६ मध्ये इंद्रजालमध्येच आणलेला. चढला, पण मी म्हटलं होतं त्या कारणाने नाही. माझ्याकडचे सुरुवातीचे चार अंक ज्यांनी मागितले ते चौघेही १९६५ ते १९७० च्या दरम्यान जन्मलेले. देशी-परदेशी असा प्रश्न एकानेही काढला नाही. म्हणाले, "हा अंक माझ्याकडे होता, आईने रद्दीत घातला."

आणि शेवटची नोंद मी रंगीत पेनने चौकट करून लिहिली आहे. मावसभाऊ तेव्हा अमेरिकेत शिकत होता. १९९२ मध्ये सुपरमॅन मरतो तो ७५ नंबरचा अंक काळ्या पिशवीत सीलबंद विकायला आला. त्याने पाच घेतले, एक मला पाठवला: "पिशवी फोडू नकोस, यावर तुझं घर होईल." मी न फोडता ठेवला आणि २०१३ मध्ये वहीत लिहिलं, "२०२५ पर्यंत लाखात." आज तो खाऊच्या पैशात मिळतो. कारण उघड आहे. तो अंक लाखोंनी खपला आणि घेणाऱ्याने तो माझ्यासारखाच जपून ठेवला. सुपरमॅनचा पहिला अवतार असलेला 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' क्रमांक १ हा १९३८ मध्ये दहा सेंटला होता. पोरांनी वाचला, फाडला, पुढे महायुद्धात जुना कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, त्यातही बरंच साहित्य गेलं. त्याची एक प्रत २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला गेली.

भाव येतो तो टाकून दिलेल्याला. पण त्यातलं कोणतं टाकून दिलेलं पुढे आठवणार, हे आधी कळत नाही. नव्वदच्या दशकात कॉमिक्सवर सट्टा लावणाऱ्या तिकडच्या लोकांनाही कळलं नव्हतं. १९९६ च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हलवर दिवाळखोरीची पाळी आली.

शिवाय त्यांच्याकडे अंकाला दहापैकी गुण देऊन तो कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करतात. साडेआठ, नऊ, नऊ पूर्णांक सहा. उघडून वाचला की गुण गेले. वेताळाला असं बंद केलेलं मला बघवणार नाही. अर्थात हे बोलणारा मी तीस वर्षं एक काळी पिशवी न फोडता बसलोय.

गुरुवार

दुपारभर मित्राकडे होतो. प्रत्येक अंक हातात घेऊन पाहिला. पिना गंजल्यात का, मधलं पान सुटलंय का, वाचनालयाचा शिक्का कुठे आहे, कुणी वेताळाच्या डायनाला मिशा काढल्यात का. त्याने ठेवलंय मात्र देखणं. मागे मी सगळे अंक प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून आत डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. पहिल्याच पावसाळ्यात आत ओल धरली आणि अकरा अंकांवर बुरशी आली. याने प्रत्येक अंक साध्या कागदात गुंडाळून, मधे मधे वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवून, कपाट भिंतीपासून चार बोटं दूर ठेवलंय. कसरीचं एक भोक नाही. तरी पानं पिवळी पडलीतच. वर्तमानपत्राचा कागद तो, लाकडाच्या लगद्यातलं आम्ल त्यातच असतं, बाहेरून कितीही जपलं तरी तो आतून जळत राहतो.

मग त्याने विचारलं, "बोल. विकू की थांबू?"

मी त्याला वहीतून निघालेलं सांगितलं. इंद्रजाल १९९० मध्ये बंद झालं. मराठी वेताळासाठी जीव टाकणारा माणूस आज पन्नाशीच्या पुढे आहे, हातात पैसा आहे, मुलं मार्गी लागलीत आणि डोळ्यांना अजून दिसतंय. भाव आत्ता टोकावर असेल तर याच माणसामुळे. पंधरा वर्षांनी हा सत्तरीला येईल आणि तोच तुझ्यासारखा लहान फ्लॅट बघत असेल. सगळे एकदम विकायला काढतील. घेणार कोण? माझ्या मुलीला वेताळ म्हणजे विक्रमाच्या पाठीवरचा एवढंच माहीत.

"म्हणजे विकू."

"विक. मराठी आधी काढ. इंग्रजीला देशभर गिऱ्हाईक आहे, ते थोडं थांबलं तरी चालेल."

तो बराच वेळ काही बोलला नाही. वहिनींनी पोहे आणले. मग त्याने कपाटाच्या खालच्या खणातून एक गठ्ठा काढला. मराठी वेताळ, बावीस अंक, मुखपृष्ठासकट, पिना शाबूत. त्यातले सात माझ्या निळ्या कापडाच्या खंडात आहेत. मुखपृष्ठाविना, कडा कापलेले. त्यातल्या दोन मुखपृष्ठांची चित्रं मी पन्नास वर्षांनी पाहिली. एकाचं आकाश माझ्या आठवणीत लाल होतं, ते पिवळं निघालं.

"याचे किती येतील?" त्याने विचारलं.

मी आकडा सांगितला. प्रामाणिकपणे, बाहेरचा गिऱ्हाईक देईल तेवढा.

शुक्रवार

वहीत नवीन नोंद केली: "इंद्रजाल, मराठी, वेताळ. पुढच्या पंधरा वर्षांत उतरणार. खात्री आहे."

मग मित्राच्या खात्यावर त्या बावीस अंकांचे पैसे पाठवले, काल सांगितलेला पूर्ण आकडा. घासाघीस करायची तर कुणाशी, भाव मीच लावलेला. त्याचा लगेच फोन: "अरे, तूच म्हणालास ना उतरणार म्हणून?"

हिने आकडा ऐकला आणि "अहो, गीझर बदलायचा होता" एवढंच म्हणाली. उद्या मंडईत गेलो की वेखंड आणायचं आहे, आणि कपाट भिंतीपासून सरकवायला कुणाला तरी बोलवायला हवं, माझ्या एकट्याने हलणार नाही.