तुम्ही विचारलंत म्हणून: मी तुमचा पासवर्ड का घेत नाही

"ताई, लॉगिन आणि पासवर्ड पाठवतो, तुम्हीच एकदा लावून टाका ना. तुम्हाला पाच मिनिटांचं काम आहे." सर्व्हर उभा करताना अडलेल्या माणसाकडून हे मी सतत ऐकते. मी नाही म्हणते आणि उलट विचारते, लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतःच लिहून ठेवतो त्या नोंदींत, काय आलंय? मग दुसरा प्रश्न येतो, कधी संकोचून, कधी जरा चिडून: तुम्हाला येतं, तुम्ही सगळ्यांना मदतही करता, मग करून का देत नाही? उंटावरून शेळ्या कशाला हाकायच्या?

विचारलंत म्हणून सांगते. पहिलं कारण ऐकून थोडी निराशा होईल. तुमची अडचण ऐकल्याऐकल्या मला उत्तर माहीत नसतं. कुठे बघायचं ते आता कळायला लागलंय, एवढंच. आणि जिथे बघायचं ती जागा तुमच्या मशीनवर असते, तुमच्या डोळ्यांसमोर.

मध्यंतरी एका मुलाने स्वतः लिहिलेलं छोटं अ‍ॅप सर्व्हरवर चढवलं. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे ३००० पोर्टवर (क्रमांक दिलेल्या दारावर) अ‍ॅप. ब्राउझर उघडला की ५०२, बॅड गेटवे, म्हणजे पुढच्या सर्व्हरला मागून नीट उत्तर मिळालं नाही. माझ्याकडे येईपर्यंत त्याला तीन-चार जणांनी सल्ले देऊन झाले होते. कुणी म्हणे एनजिनएक्स काढून परत टाक, कुणी म्हणे सगळ्या फोल्डरना ७७७ परमिशन, म्हणजे कुणालाही काहीही करायची मुभा, दे, कुणी फायरवॉलच बंद करायला लावली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी एनजिनएक्सच्या एरर लॉगच्या शेवटच्या ओळी मागितल्या. त्याने स्क्रीनशॉट पाठवला, त्यात ओळीचं टोक नेमकं कापलेलं. पुन्हा मागितल्या, मजकूर कॉपी करून. आता दिसलं: कंसात १३ हा आकडा आणि पुढे परमिशन डिनाइड.

हा कंसातला आकडा फार मोलाचा. ५०२ चं पान बाहेरून सगळ्यांना सारखंच दिसतं, आतली कारणं वेगळी असतात. तिथे १११ असेल तर कनेक्शन रिफ्यूज्ड. दार ठोठावलं पण आत कुणी नाही, म्हणजे अ‍ॅप बंद पडलंय किंवा दुसऱ्याच पोर्टवर जाऊन बसलंय. १३ म्हणजे दारापर्यंत जाऊच दिलं नाही. त्याला म्हटलं, सर्व्हरच्या आतूनच कर्ल ही कमांड वापरून ३००० पोर्टला हाक मार. उत्तर लगेच आलं. अ‍ॅप ठणठणीत होतं. अडवणारा मधला कुणीतरी होता, आणि डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) रॉकी लिनक्स आहे म्हणाला तेव्हा संशय सरळ एसईलिनक्स या लिनक्समधल्या पहारेकऱ्यावर गेला.

एसईलिनक्स मुळात अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने तयार केलं आणि २००० साली त्याचा सोर्स खुला केला. रॉकीसारख्या रेड हॅटच्या घराण्यातल्या डिस्ट्रोंमध्ये ते सुरुवातीपासून चालू असतं. त्याचा एक नियम असा की वेब सर्व्हरने स्वतःहून नेटवर्कवर कुणाशी जोडणी करायची नाही. उद्या वेब सर्व्हर कुणाच्या ताब्यात गेलाच, तर त्याला तिथून पुढे हातपाय पसरता येऊ नयेत म्हणून. पण एनजिनएक्स जेव्हा मागच्या अ‍ॅपला निरोप पोचवतं, तेव्हा ते नेमकं हेच करत असतं. यासाठी एक स्विच दिलेला आहे, एका कमांडने चालू होतो. त्या कमांडमध्ये मोठा पी घालायला विसरलात तर रीबूट होईपर्यंत सगळं मस्त चालतं आणि नंतर तेच ५०२ परत हजर. त्याने पी घातला, पान उघडलं. पाठोपाठ मी ७७७ परत जागेवर आणायला आणि फायरवॉल चालू करायला लावली. यात त्याला जास्त वेळ लागला.

खरं सांगायचं तर मला राग अडलेल्यांचा येत नाही, अशा सल्ले देणाऱ्यांचा येतो. ७७७ कर, सगळं रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरने, चालव, एसईलिनक्स बंद कर. यातली वाईट गोष्ट अशी की बऱ्याचदा ते चालतं. "झालं, थँक्यू" म्हणून माणूस निघून जातो, आणि उघडं राहिलेलं दार कुणाच्या लक्षातही राहत नाही. एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायचं साधन, त्या बाबतीत कडक आहे. तुमची प्रायव्हेट की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी गुप्त किल्लीची फाइल, दुसऱ्या युजरलाही वाचता येत असेल तर ते ती वापरायलाच नकार देतं आणि मोठ्या अक्षरांत तसं सांगतं. परमिशन ६००, म्हणजे फक्त मालकापुरती, केली की गुपचूप चालू. बाकीची सॉफ्टवेअर इतकी खमकी नसतात.

डॉकर (सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) आणि यूएफडब्ल्यू (फायरवॉल लावायचं सोपं साधन) या जोडीने तर कितीतरी जणांना गाफील ठेवलंय. यूएफडब्ल्यू लावलं, स्टेटस बघितलं, अ‍ॅक्टिव्ह दिसलं, माणूस निर्धास्त. पण डॉकर पोर्ट पब्लिश करताना, म्हणजे बाहेर उघडताना, आयपीटेबल्स या लिनक्सच्या आतल्या फायरवॉलमध्ये स्वतःचे नियम लिहितं आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातं. फायरवॉलमध्ये ५४३२ पोर्ट बंद असूनही तुमचा पोस्टग्रेस डेटाबेस अख्ख्या इंटरनेटला उघडा असू शकतो. पोर्ट लिहिताना त्याच्या आधी १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) लिहिलं की तो मशीनपुरताच राहतो. हे लॉगमध्ये कुठेच दिसत नाही. म्हणून मी विचारते, बाहेरच्या दुसऱ्या मशीनवरून तपासलंत का? हा प्रश्न लोकांना फाटे फोडल्यासारखा वाटतो. वाटू दे.

आता पासवर्डचं. तुम्ही मला ओळखता कितीसं? चार अडचणी सोडवल्या म्हणजे माणूस भला, असा हिशेब आपण सगळेच करतो. २०२४ साली एक्सझेड प्रकरणात हाच हिशेब अंगाशी आला. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं साधन, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. ते सांभाळणारा माणूस जवळपास एकटा आणि थकलेला. एक मदतनीस आला, दोन वर्षांहून जास्त काळ नेटाने पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवत राहिला. काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला हाताशी घ्या, अशी कुरकुर इतर काही नावांनी सुरू झाली. शेवटी त्या मदतनिसाच्या हाती किल्ल्या आल्या. मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला गेला, तोही एसएसएचमधून आत शिरता येईल असा. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसवर काम करणारे डेव्हलपर. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे त्यांना खटकलं आणि ते खणत गेले. २९ मार्च २०२४ ला त्यांनी ते जाहीर केलं, तेव्हा त्या आवृत्त्या बहुतेक डिस्ट्रोंच्या चाचणी शाखांपर्यंतच पोचल्या होत्या. जगाचं नशीब.

मी काही तुमच्या सर्व्हरमध्ये चोरदरवाजा बसवणार नाही. पण पासवर्ड मागणाऱ्या पुढच्या माणसाबद्दल तुम्ही हेच गृहीत धराल. काही जण तर न मागता प्रायव्हेट की चॅटवर पाठवून देतात. पाठवायची झालीच तर ज्या फाइलच्या शेवटी पब असतं ती, पब्लिक. दुसरी चुकून कुठेही पाठवली असेल तर ती मेली असं समजा आणि नवी जोडी बनवा, माझ्याकडे आली असली तरी. लॉग पाठवतानाही त्यातले टोकन आणि पासवर्ड खोडून पाठवा. फारच गुंता असेल तर आपण टीमक्स या साधनाने टर्मिनलचं एकच सेशन दोघं बघतो, पण कीबोर्ड तुमच्या हातात. याला वेळ दुप्पट लागतो, कबूल.

"मग यातून तुम्हाला काय मिळतं?" हे पण विचारतात. नवे नवे लॉग वाचायला मिळतात, आणि माझं अडलं की मीही कुणाला तरी विचारतेच. हा व्यवहार जुना आहे. अमेरिकेतल्या एनसीएसए या संगणन केंद्राचा वेब सर्व्हर एकेकाळी सगळ्यात जास्त चालायचा. १९९४ मध्ये तो लिहिणारे रॉब मॅकूल तिथून बाहेर पडले आणि काम थंडावलं. पण सर्व्हर तर लोकांचे चालू होते. ज्याने त्याने आपापल्यापुरते पॅच लिहिले होते, ते मेलवरून एकमेकांना देता देता १९९५ मध्ये त्यातून अपाची हा वेब सर्व्हर उभा राहिला. प्रत्येकाचं स्वतःचं मशीन होतं, प्रत्येकाला स्वतःचा त्रास होता. कुणी कुणाचं लावून देत बसलं नव्हतं.

एक काम मात्र मी सांगूनही करायला लावत नाही, ते म्हणजे घरून स्वतःचा मेल सर्व्हर. पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसतं, मेल येतात, आनंदीआनंद. मग कळतं की कनेक्शन देणाऱ्याने बाहेर जाणारं २५ पोर्ट बंद ठेवलंय. त्यातून वाट काढली तर रिव्हर्स डीएनएस हवं, एसपीएफ हवं, डीकेआयएम हवं, डीएमएआरसी हवं, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या सगळ्या खुणा. एवढं करूनही तुमचा मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये, आणि तो का गेला ते सांगणारा लॉग तुमच्याकडे नसतोच, तो त्यांच्याकडे. लॉगच नाही तिथे मी काय मदत करणार? शिकायला म्हणून जरूर करा. रोजच्या मेलसाठी नको.

अपग्रेडच्या आधी बॅकअपबद्दल विचारते, तेव्हाही लोक वैतागतात. बॅकअप आहे हो, म्हणतात. तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघितलाय का, विचारलं की शांतता. नेक्स्टक्लाउड (फायली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं सॉफ्टवेअर) मोठ्या आवृत्त्यांवरून उड्या मारू देत नाही, एक एक पायरी चढत जावं लागतं, आणि वर्षानुवर्षं हात न लावलेलं इन्स्टॉलेशन घेऊन आलेल्याला ते ऐकवत नाही. पोस्टग्रेसचंही तसंच. डॉकरच्या कंपोझ फाइलमध्ये आवृत्तीच्या आकड्यात १५ चं १६ केलं, कंटेनर उठेना, लॉगमध्ये डेटाबेसच्या फायली जुळत नाहीत असं लिहून आलं. रात्री उशिरा असा मेसेज येतो तेव्हा माणूस रडकुंडीला आलेला असतो, सगळा डेटा गेला म्हणून. गेलेला नसतो. आकडा परत १५ करा, चालू होईल. मग जुन्यातून डंप, म्हणजे सगळ्या डेटाची नक्कल, काढा आणि नव्यात भरा. ही ओळ वाचून दाखवायला मला तुमचा पासवर्ड लागत नाही.

तर विचारताना एवढं पाठवा: काय करायचं होतं, कोणती कमांड मारली, लॉगच्या शेवटच्या वीस-तीस ओळी, डिस्ट्रो कोणती. आणि त्याच्याही आधी डिस्क भरली नाही ना, ते बघा. डेटाबेस लिहीत नाही, लॉगिन होत नाही, सर्टिफिकेट रिन्यू होत नाही, तिन्हीच्या मुळाशी फार वेळा तेच निघतं. जागा शिल्लक दिसत असेल तर आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपलेत का तेही बघा. बारक्या बारक्या लाखो फायलींनी ते संपतात. आणि मोठ्ठा लॉग डिलीट करूनही जागा मोकळी होत नसेल तर घाबरू नका. ज्या सर्व्हिसने ती फाइल उघडून धरलीय ती रीस्टार्ट करा. फक्त डिलीट करायच्या आधी त्याच्या शेवटच्या ओळी मला पाठवा.