नुसतं ‘हसल’ ओरडून पोरं पळत नाहीत

अमेरिकेत लिटल लीगच्या, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या, कुठल्याही मैदानावर शनिवारी सकाळी जा, कुंपणापलीकडून ‘हसल, हसल’, म्हणजे झटून खेळा, असा गजर चालू असतो. आपले मराठी आईबाबाही त्यात असतात, आणि मदतीला नाव दिलं म्हणून थेट कोच होऊन बसलेलेही असतात. ओरडलं की मुलं दहा पावलं जोरात पळतात आणि पुन्हा रमतगमत चालू लागतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ‘झटून खेळ’ म्हणजे काय ते कळत नाही. कुठे पळायचं, कधी आणि कुठपर्यंत, हे सांगावं लागतं.

आधी पहिला बेस, म्हणजे फटका मारल्यावर बॅटरने जिथवर पळायचं ती पहिली खूण. बारा वर्षांपर्यंतच्या गटात दोन बेसमध्ये ६० फूट अंतर असतं. ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा फटका, मारला की मुलाची नजर बॉलवर खिळते आणि वेग तिथेच जातो. क्रिकेटची सवय असलेलं पोरगं तर हमखास फसतं. तिथे फटका मारून जागेवर उभं राहिलं तरी चालतं, इथे बॉल फेअर, म्हणजे रेषांच्या आत, गेला की पळणं भागच. तिसऱ्या-चौथ्या पावलाला एकदाच बॉलकडे बघायचं, मग नजर बेसवर. पाय बेसच्या पुढच्या कडेवर टाकायचा. शेवटच्या पावलाला उडी नको, हवेत वेळ वाया जातो. बेसवर थांबायचंही नाही. दहा-पंधरा फूट पुढे जाऊन मग छोटी पावलं टाकत वेग आवरायचा आणि लगेच उजवीकडे बघायचं, कारण हुकलेला थ्रो तिकडेच रेषेबाहेर, फाउलच्या भागात गेलेला असतो. दुसऱ्या बेसकडे जायचा प्रयत्न न करता तो लगेच परत आला, तर त्याला टॅग करून (बॉल अंगाला लावून) आउट करता येत नाही. हा नियम माहीत नसलेली मुलं भीतीने बेसवरच ब्रेक मारतात.

जोर लावला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. स्टॉपवॉच घ्या. बॅटचा आवाज झाला की सुरू, पाय बेसला लागला की बंद. प्रॅक्टिसमध्ये तीनदा पळवून प्रत्येकाची सर्वांत चांगली वेळ वहीत लिहा. सामन्यात ग्राउंडरवर तो त्या वेळेच्या अर्ध्या सेकंदाच्या आत आला, की झालं. तुलना स्वतःशीच असल्यामुळे संघातलं सगळ्यात जड पोरगंही यात अव्वल ठरू शकतं.

सोपा कॅच उडाला तरी पळायचंच, या वयात कॅच सुटतात. मेजर्स गटात (बारा वर्षांपर्यंतच्या) तिसरा स्ट्राइक, म्हणजे तिसऱ्यांदा हुकलेला किंवा सोडलेला नीट बॉल, कॅचरने (बॅटरमागच्या खेळाडूने) नीट धरला नाही आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झालेले असतील, तर बॅटरला पळता येतं. मान खाली घालून डगआउटकडे, म्हणजे संघाच्या बाकाकडे, निघालेला बॅटर म्हणजे समोरच्यांना फुकटचा आउट.

फील्डिंगमध्ये खरी टंगळमंगळ राइट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या दूरच्या उजव्या भागात, दिसते. तिथलं पोरगं गवत उपटत बसतं, कारण आपल्याकडे काम आहे हेच त्याला ठाऊक नसतं. इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या चौकोनात, ग्राउंडर गेला की प्रत्येक वेळी त्याने पहिल्या बेसच्या मागे, थ्रोच्या रेषेत यायचं. बेसपासून निदान १५-२० फूट लांब. जास्त जवळ आला तर फर्स्ट बेसमनला चकवलेला बॉल त्यालाही चकवतो. वीसपैकी एकोणीस वेळा हे पळणं वाया जाईल, हे आधीच सांगून ठेवा. मोठ्या मुलांना व्यावसायिक बेसबॉलच्या २००१च्या प्लेऑफमधला, यांकीजच्या डेरेक जीटरचा तो फ्लिप (झटक्यात बाजूला टाकलेला बॉल) दाखवा. राइट फील्डमधून आलेला थ्रो मधे तो अडवायला उभ्या असलेल्या दोन्ही कटऑफ खेळाडूंच्या डोक्यावरून गेला. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) जीटर मैदान ओलांडून पहिल्या बेसच्या रेषेजवळ पोहोचला, बॉल उचलून त्याने कॅचर पोसाडाकडे टाकला आणि ओकलंडचा जेरेमी जियांबी होम प्लेटवर, जिथे धाव पूर्ण होते तिथे, आउट झाला. यांकीज १-० जिंकले. जियांबीने स्लाइड केलं नव्हतं, म्हणजे तो घसरत गेला नव्हता, तेही दाखवा.

जोश अंगाशीही येतो. छोट्या मैदानावरच्या गटांत पुढच्या बेसकडे डोकं पुढे करून स्लाइड केलं तर आउट देतात. दोघे एकाच कॅचमागे धावले तर टक्कर, म्हणून मोठ्याने पुकारायचं आणि सेंटर फील्डरने पुकारलं की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं.

इनिंग बदलताना सगळ्यात जास्त वेळ कॅचर खातो. दोन आउट झाले आणि तो बेसवर असेल, तर बाकावरच्या दोघांनी त्याचं किट उलगडून ठेवायचं, एकेका पायाला एकेक जण. शिन गार्डची बकलं पायाच्या बाहेरच्या बाजूला हवीत. आतल्या बाजूला आली तर पळताना एकमेकांत अडकतात. पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, सरावाचे फार तर आठ पिच किंवा एक मिनिट मिळतो, त्यामुळे कॅचर तयार होईपर्यंत मास्क घालून दुसऱ्या मुलाने ते झेलावेत. पुढच्या बॅटरने हेल्मेट घालून दाराशी बसायचं, पण बॅट हातात नको. या गटात ऑन-डेकला, म्हणजे बाहेर उभं राहून बॅट फिरवत पाळीची वाट बघायला, परवानगी नसते.

आता जरा कोचचे कान. बारा मुलं एका रांगेत आणि बॅटिंग एकच करतोय. प्रत्येकाला एक मिनिट दिलं तरी बारा मिनिटांतली अकरा मिनिटं मुलं नुसती उभीच राहतात. मग सामन्यात ती उभी राहिली तर दोष कुणाचा? तिघा-तिघांचे चार गट करा: टीवर (बॉल ठेवायच्या दांड्यावर) बॅटिंग, ग्राउंडर, बेस रनिंग, थ्रोइंग. आठ-आठ मिनिटं, अदलाबदल पळत. चुकल्याबद्दल फेऱ्या मारायला लावू नका. पळणं ही शिक्षा ठरली, की ते पोरगं आयुष्यात हौसेने पळणार नाही.

मैदानाबाहेरचं काय? नामवंत खेळाडू पीट रोझ वॉक, म्हणजे चार वाईट पिचमुळे फुकटचा पहिला बेस, मिळाल्यावरही पहिल्या बेसकडे धावत जायचा, म्हणून ‘चार्ली हसल’. पण १९८९मध्ये बेसबॉलवरच्या सट्ट्यापायी त्याच्यावर बंदी आली. मुलांच्या बाबतीत गोष्टी साध्या आहेत. सामन्याच्या अर्धा तास आधी बूट बांधून हजर. अंपायरशी हात मिळवणं. संपल्यावर दोघांनी पिचरच्या माउंडवर (उंचवट्यावर) रेक फिरवायचा, दोघांनी बेस उचलायचे, दोघांनी डगआउटमधल्या बाटल्या नि बियांची टरफलं. नावं आदल्या दिवशीच ठरवा, नाहीतर तेच दोघे गुणी जीव राबतात. आणि बॅग मुलाने स्वतः भरायची, स्वतः उचलायची. पालकांनी फार तर गाडीची डिकी उघडून द्यावी.