अर्ध्या आण्याचं पाकीट: तारीख लागली, आकडा अडलाय

गेल्या दिवाळीपासून अडून बसलेलं पाकीट या रविवारी निम्मं तरी सुटलं. पंचम जॉर्जचं हिरवं अर्ध्या आण्याचं तिकीट, वर काळ्या शाईत ‘आय.ई.एफ.’. म्हणजे ‘इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स’. १९१४ साली पहिल्या महायुद्धासाठी परदेशी निघालेल्या हिंदी फौजेसाठी ही अक्षरं छापली. नुसत्या तिकिटावरून काही कळत नाही. फ्रान्स, पूर्व आफ्रिका, इजिप्त, मेसोपोटेमिया, सगळीकडे हेच. कळतं ते शिक्क्यावरून, आणि शिक्क्यातही गावाचं नाव नाही. फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे फौजेबरोबरच्या टपाल कचेरीचा आकडा आणि तारीख, बस्स.

माझा शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर पडलाय. खोलीत अंधार केला, टॉर्च आडवा धरला आणि दहापट भिंगातून पाहिलं, तेव्हा फेब्रुवारी १९१६ उमटला. आकड्याचा शेवट ३ की ८, ते अजून ठरत नाही.

विकणाऱ्यानं हे ‘कुतच्या वेढ्यातलं’ म्हणून माझ्या गळ्यात मारलं होतं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत-अल-अमारा गावात, तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या, हे खरंच. पण वेढा पडला डिसेंबर १९१५ मध्ये आणि शरणागती २९ एप्रिल १९१६ची. मग फेब्रुवारीत आतून टपालाची थैली निघाली कशी? पैसे जरा जास्तच गेले, जाऊ द्या.

पत्ता मोडीत आहे. ‘तालुके कोरेगाव, जिल्हे सातारा’ एवढं मी आता कुणाला न विचारता वाचतो (मोडीच्या वर्गाची फी वसूल!). गावाचं नाव नेमकं सेन्सॉरच्या शिक्क्याखाली दबलंय. इंग्रजी पत्ता वेगळ्या हातातला, वेगळ्या शाईतला. बहुतेक शिपायांना लिहिता येत नसे. पलटणीतला कुणी लिहून द्यायचा, साहेब तपासायचा, गावात मास्तर नाहीतर कुलकर्णी वाचून दाखवायचा. बायकोला काय लिहायचं ते माणूस आधी तिघांना ऐकवायचा.

आत पत्र नाही. रिकामं पाकीटच मिळालं.

शाळेत असताना आजोळच्या ट्रंकेत मला असंच एक सापडलं होतं. तिकीट हवं म्हणून मी ते बशीत भिजवलं. तिकीट अजून अल्बमच्या पहिल्या पानावर आहे, शिक्क्याच्या वरच्या कमानीसकट: ‘फील्ड पोस्ट’. आकडा पाकिटावर राहिला, आणि पाकीट आजीनं चुलीत घातलं.